शिशाच्या वाहिन्या कशा ओळखाव्यात आणि त्यांची यादी कशी करावी: लहान पाणीपुरवठा यंत्रणांसाठी

अमेरिकेत शिसे आणि तांबे यांच्याविषयीच्या नियमात १०,००० किंवा त्याहून कमी लोकांना पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेला लहान यंत्रणा म्हटले जाते. त्यांतल्या छोट्या गावांत बहुधा एकच ऑपरेटर असतो. सकाळी क्लोरीनचे प्रमाण तपासणारा, दुपारी मीटरचे आकडे घेणारा आणि मध्यरात्री मुख्य वाहिनी फुटली तर खड्ड्यात उतरणारा माणूस तोच. घरोघरी पाणी नेणारी वाहिनी कशाची आहे, याची यादी करण्याचे कामही त्याच्याच अंगावर येते, आणि ती वाहिनी कित्येकदा त्याच्या जन्माआधी जमिनीत पुरलेली असते. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी, आणि त्याला हातभार लावू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी, कारकुनांसाठी व स्वयंसेवकांसाठी आहे.

या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधीच सांगतो. यादीतील प्रत्येक नोंदीपुढे ती कशाच्या आधारावर केली, हे लिहिलेले असले पाहिजे. पुरावा हाती नसताना ‘शिसे नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘माहीत नाही’ असे लिहिणे केव्हाही चांगले. ‘माहीत नाही’ असलेल्या घरी सूचनेचे पत्र जाते आणि कधी ना कधी तपासणीसाठी माणूसही जातो. ‘शिसे नाही’ असलेल्या घराकडे मात्र पुन्हा कोणी वळून पाहत नाही, आणि ती नोंद चुकीची असेल तर त्या घरातल्या तान्ह्या बाळाची दुधाची भुकटी रोज त्याच पाण्यात कालवली जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानले जात नाही, म्हणूनच पिण्याच्या पाण्यातील शिशाबाबतचे राष्ट्रीय उद्दिष्ट शून्य ठेवलेले आहे.

नियम थोडक्यात

१९८६ मध्ये सुरक्षित पेयजल कायद्यात दुरुस्ती होऊन पाणीपुरवठ्यात शिशाच्या नव्या वाहिन्या आणि ०.२ टक्क्यांहून अधिक शिसे असलेला डाख वापरण्यास बंदी आली. ही बंदी प्रत्यक्षात लागू करण्यासाठी राज्यांना जून १९८८ पर्यंत मुदत होती, त्यामुळे आपल्या राज्यात किंवा गावात ती नेमकी कोणत्या तारखेपासून अमलात आली, हे शोधणे हे पहिले काम. त्या तारखेनंतर टाकलेली वाहिनी, तारखेचा कागद हाती असल्यास, शिशाची नाही असे धरता येते. पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नियमांत सुधारणा करून सर्व सामुदायिक यंत्रणांना, तसेच स्वतःची विहीर असलेल्या शाळा-कारखान्यांसारख्या यंत्रणांना, १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पहिली यादी सादर करण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पुढील सुधारणांनी त्या यादीची अद्ययावत आवृत्ती १ नोव्हेंबर २०२७ पर्यंत मागितली असून, शिशाच्या वाहिन्या त्यानंतर साधारणपणे दहा वर्षांत बदलण्याचे बंधन घातले आहे. ‘माहीत नाही’ या गटातील वाहिन्यांचा उलगडाही त्याच मुदतीत व्हायला हवा. म्हणजेच पहिली यादी पाठवून काम संपलेले नाही.

मुख्य वाहिनीपासून इमारतीपर्यंत येणाऱ्या नळजोडणीच्या वाहिनीला येथे सर्व्हिस लाइन म्हणू. तिचे बहुधा दोन भाग असतात: रस्त्याखालचा, यंत्रणेच्या मालकीचा, आणि स्टॉपकॉकपासून घरापर्यंतचा, घरमालकाचा. यादीत दोन्ही भाग यायलाच हवेत, मालकी कोणाचीही असो. आणि संपूर्ण वाहिनीचा गट ठरवताना वाईट भाग निर्णायक असतो. रस्त्याकडचा भाग तांब्याचा आणि घराकडचा शिशाचा असेल, तर ती वाहिनी शिशाची. रस्त्याकडचा भाग प्लास्टिकचा आहे, पण घराकडचा कोणी पाहिलेलाच नाही, तर ती ‘माहीत नाही’.

आधी कागद

कुदळ उचलण्याआधी कपाटे उघडावीत. जोडणी देताना भरलेली जुनी कार्डे, मुख्य वाहिन्यांचे नकाशे, मीटर बसवल्याच्या नोंदी, दुरुस्तीच्या वह्या, घरबांधणीचे परवाने, त्या काळचे प्लंबिंगचे स्थानिक नियम, गावाच्या जुन्या विकास आराखड्यांची कागदपत्रे, हे सगळे पाहणे नियमानेच अपेक्षित आहे. स्थानिक नियमांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतात. शिकागोत १९८६ पर्यंत लहान जोडण्या शिशाच्याच असाव्यात असा शहराचा नियम होता. तेथे जुने घर दिसले की संशयाची दिशा ठरते. आपल्या गावातही एखाद्या काळात ठरावीक धातूची सक्ती किंवा मनाई असेल, तर तो एक कागद शेकडो घरांचा प्रश्न हलका करतो. वाहिनीचा व्यासही उपयोगी पडतो: दोन इंचांहून मोठी सर्व्हिस लाइन शिशाची असणे क्वचित घडते, त्यामुळे मोठ्या इमारतींच्या जोडण्या बऱ्याचदा बाजूला काढता येतात. मात्र त्या आधारावर नोंद करण्याआधी राज्याच्या कार्यालयाची संमती घ्यावी.

कार्ड वाचताना सावध राहावे. समजा, एका पिवळ्या पडलेल्या कार्डावर पत्ता, १९३८ ही तारीख, व्यास पाऊण इंच आणि धातूच्या रकान्यात ‘तांबे’ असे लिहिले आहे, आणि ‘तांबे’ हा शब्द बाकीच्या मजकुराहून वेगळ्या शाईत आहे. म्हणजे कोणीतरी पुढे केव्हातरी दुरुस्ती करून तो बदल नोंदवला. पण दुरुस्ती कोणत्या भागाची होती? रस्त्याखालचा भाग बदलला, की स्टॉपकॉकजवळचा हातभर तुकडा? कार्डावर त्याचे उत्तर नसते. अशा वेळी दोन्ही भागांना ‘तांबे’ लिहिण्याचा मोह टाळावा, रस्त्याकडच्या भागापुढे ‘कार्डानुसार तांबे, तारीख नसलेली दुरुस्ती’ अशी नोंद करावी आणि घराकडचा भाग तपासण्यासाठी ठेवावा. पाण्यात शिसे उतरल्याने गाजलेल्या, मिशिगनमधील फ्लिंट शहरात जुनी कार्डे व नकाशे आणि खणल्यावर दिसलेली वस्तुस्थिती यांत किती अंतर पडते, हे सर्वांनी पाहिले आहे. कागद पुरावाच आहे, पण त्याचीही साक्ष तपासावी लागते.

लहान यंत्रणेकडे एक असे साधन असते जे मोठ्या शहराकडे नसते, आणि ते म्हणजे निवृत्त ऑपरेटर किंवा चाळीस वर्षे तेच काम केलेला प्लंबर. त्याच्यासोबत नकाशा घेऊन बसावे आणि गल्ली गल्ली विचारत जावे: येथे काय टाकले होते, गोठून फुटलेल्या वाहिन्या कोणत्या, ठेकेदार कोण होता. त्याचे सांगणे तारीख आणि सही घालून लिहून ठेवावे. त्याच्या आठवणीवरून कोणत्याही घराला ‘शिसे नाही’ म्हणू नये, परंतु आधी कोठे पाहावे हे त्यावरून ठरवता येते. हे काम पुढे ढकलू नये, कारण माणसे थांबून राहत नाहीत.

घरात जाऊन ओळखणे

वाहिनी तळघराच्या भिंतीतून किंवा जमिनीतून जिथे आत येते, त्या जागेपासून मीटरपर्यंतचा तुकडा पाहायचा असतो. सोबत विजेरी, लहान पण जोरकस चुंबक, नाणे किंवा किल्ली, ओले फडके, हातमोजे आणि फोटोसाठी फोन एवढे पुरते. चाकू, कानस किंवा यंत्र वापरू नये; शिशाच्या वाहिनीला त्याने इजा होते आणि धूळ उडते.

आधी वाहिनी पुसून घ्यावी. मग चुंबक लावावे. तो घट्ट चिकटला तर वाहिनी लोखंडाची, म्हणजे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेली, जिला आपण जीआय म्हणतो. चिकटला नाही तर नाण्याच्या कडेने अगदी हलकेच, बोटाच्या पेराएवढ्या लांबीवर ओरखडा काढावा. शिसे मऊ असते. ओरखडा सहज उमटतो आणि मळकट राखाडी थराखालून लखलखीत चंदेरी रंग दिसतो. त्यावर नाण्याने टकटक केल्यास आवाज बद्द येतो, तर तांबे आणि लोखंड खणखणतात. तांबे ओरखड्याखाली तांब्याच्याच रंगाचे दिसते, जुने असेल तर हिरवट डागही असतात. प्लास्टिक निळे, पांढरे, राखाडी किंवा काळे असते आणि त्याचे सांधे क्लॅम्पने किंवा चिकटद्रवाने जोडलेले असतात. शिशाच्या वाहिनीची आणखी एक खूण म्हणजे व्हॉल्व्हजवळचा कांद्यासारखा फुगीर सांधा. शिसे वितळवून हाताने घडवलेला तो गुळगुळीत फुगवटा एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही. पाहणी झाल्यावर ओरखड्याची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, फडके फेकून द्यावे आणि हात धुवावेत.

चुका ठरावीक ठिकाणीच होतात. पहिली चूक म्हणजे वाहिनीऐवजी मीटरच्या पितळी नटावर किंवा जोडावर ओरखडा काढणे. दुसरी म्हणजे रंग दिलेल्या वाहिनीचा रंगच खरवडून निष्कर्ष काढणे. घरच्या घरी शिसे तपासण्याच्या कांड्यांनाही जुन्या रंगातले शिसे फसवू शकते. तिसरी चूक सर्वांत महाग पडते. तळघरात चकचकीत तांबे दिसते, तपासणारा समाधानाने नोंद करून निघतो, आणि भिंतीच्या पलीकडे मात्र शिसेच असते, कारण कधीतरी मीटर बदलताना प्लंबरने भिंतीपासून मीटरपर्यंतचा तेवढा तुकडा तांब्याचा केलेला असतो. म्हणून भिंतीच्या अगदी जवळ विजेरी धरून पाहावे: तेथे नवा कपलिंग आहे का, भिंतीतल्या भोकाभोवती ताजे सिमेंट आहे का, वाहिनीचे वय घराच्या वयाशी जुळते का. शंका आली की तळघरातील एकच जागा पुरेशी मानू नये. स्टॉपकॉकच्या दोन्ही बाजूही पाहाव्यात.

फोटो दोन घ्यावेत, एक ओरखड्याचा जवळून आणि एक भिंत, वाहिनी व मीटर एकत्र दिसतील असा दुरून. जवळचा फोटो धातू दाखवतो, दुरून घेतलेला फोटो तो धातू कोणत्या जागेचा आहे हे दाखवतो. दोघांच्याही नावात पत्ता आणि तारीख असावी.

जीआय वाहिनीचा वेगळा हिशेब

जीआय वाहिनी स्वतः शिशाची नसते, म्हणून ती सुरक्षित गटात टाकण्याची घाई होते. पण तिच्या आतल्या गंजाच्या खडबडीत थरावर, वरच्या बाजूच्या, म्हणजे पाणी जिकडून येते त्या बाजूच्या, शिशाच्या वाहिनीतून सुटलेले शिशाचे कण वर्षानुवर्षे साचत राहतात, आणि वरची शिशाची वाहिनी काढून टाकल्यानंतरही ते पाण्यात उतरत राहतात. यामुळेच नियमात तिच्यासाठी वेगळा गट आहे: बदलणे आवश्यक असलेली जीआय वाहिनी. तिच्या वरच्या बाजूला आज शिशाची वाहिनी असेल, पूर्वी कधी होती असेल, किंवा सध्याची वरची वाहिनी ‘माहीत नाही’ गटात असेल, तर ती या गटात जाते. पूर्वी कधीच शिसे नव्हते, हे कागदाने दाखवता आले नाही, तरीही ती याच गटात जाते.

म्हणून जीआय सापडली की विचारण्याचा प्रश्न असा: ‘हिच्या वर आधी काय होते?’ रस्त्याखालचा भाग १९९५ मध्ये तांब्याचा केला असेल, तर त्या वेळी काढलेली वाहिनी कशाची होती, याची नोंद दुरुस्तीच्या वहीत शोधावी. ती सापडली नाही तर जीआय बदलायच्या यादीत जाते. हे कठोर वाटते, पण त्या घरातल्या माणसांच्या बाजूने पाहिले तर मला ते योग्यच वाटते.

मुख्य वाहिनी आणि सर्व्हिस लाइन जोडणारा लहान वाकडा तुकडा, ज्याला गूजनेक म्हणतात, तोही पुष्कळदा शिशाचा असे. केवळ गूजनेक शिशाचा असल्याने सगळी वाहिनी ‘शिसे’ गटात जात नाही, परंतु २०२७ पर्यंतच्या यादीत त्याची नोंद हवी, म्हणून तक्त्यात त्याच्यासाठी आत्ताच स्वतंत्र रकाना ठेवावा.

लोकांची मदत

ज्या घरांचा घराकडचा भाग ‘माहीत नाही’ आहे, त्यांना पत्र पाठवावे, त्यात तांबे, शिसे, जीआय आणि प्लास्टिक यांचे रंगीत फोटो द्यावेत, आणि घरच्यांनी चुंबक व नाण्याने पाहून फोटो पाठवावा असे सुचवावे. आलेला फोटो यंत्रणेच्या माणसाने पाहून मगच नोंद करावी. घरमालकाने ‘तांबे’ एवढेच लिहून पाठवले, तर तो पुरावा नव्हे. पत्राची भाषा साधी असावी, आणि गावात दुसरी भाषा बोलणारी घरे असतील तर त्यांच्या भाषेतही पत्र जावे.

उत्तरे कमी येतात, आणि त्यामागे बहुतेकदा भीती असते: शिसे निघाले तर खर्च अंगावर पडेल, घराची किंमत उतरेल, कोणी दंड करेल. म्हणून वाहिनी बदलण्याचा खर्च कोण करणार, हे जेवढे ठरले असेल तेवढे पत्रातच स्पष्ट सांगावे आणि जे ठरलेले नाही त्याचे आश्वासन देऊ नये. भाड्याच्या घरांत मालक दूर राहतो आणि पाणी भाडेकरू पितो, त्यामुळे पत्र दोघांनाही जावे. न्यू जर्सीतील नेवार्क शहराने मालक सापडत नसला तरी भाडेकरूच्या परवानगीने काम करता यावे यासाठी २०१९ मध्ये ठरावच केला, आणि सुमारे २३,००० वाहिन्या तीन वर्षांच्या आत बदलल्या. पाळणाघरे आणि लहान मुले असलेली घरे आधी घ्यावीत, त्यासाठी दार ठोठावावे लागले तरी चालेल.

खणणे आणि पाण्याचे नमुने

रस्त्याकडच्या भागाचा कागद नसेल, तर शेवटी तो भाग डोळ्यांनी पाहावाच लागतो. पूर्ण चर खणण्याची गरज नसते. हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने माती सैल करून ती ओढून घेणाऱ्या यंत्राने स्टॉपकॉकच्या दोन्ही बाजूंना लहान खड्डे घेतले की दोन्ही भाग एकदम दिसतात. खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवून गॅस आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. लहान यंत्रणेने असे खड्डे एकेक करून न घेता एका गल्लीतील, एकाच काळात बांधलेल्या घरांचा गट करून घेतले, तर भाड्याने आणलेल्या यंत्राचा दिवस वाया जात नाही. याहून स्वस्त मार्ग रोजच्या कामात आहे. गळती काढताना, मीटर बदलताना, स्टॉपकॉक दुरुस्त करताना वाहिनी उघडी पडतेच, आणि अशा वेळी दिसलेला धातू नोंदवणे नियमानेही बंधनकारक आहे. त्यासाठी एका पानाचा छापील अर्ज ट्रकमध्ये कायम असावा, आणि खड्डा बुजवण्याआधी तो भरला गेला पाहिजे.

पाण्याच्या नमुन्यांविषयी मोठा गैरसमज आहे. नळाच्या पाण्यात शिसे आढळले, तर वाटेत कोठेतरी शिसे आहे, हे खरे. पण आढळले नाही म्हणून वाहिनी शिशाची नाही, असे म्हणता येत नाही. पाण्याचा सामू व्यवस्थित राखलेला असेल, किंवा फॉस्फेट घालून वाहिनीच्या आत संरक्षक थर धरलेला असेल, तर शिशाच्या वाहिनीतूनही बराच काळ कमी शिसे येऊ शकते, आणि पाण्याचा स्रोत किंवा प्रक्रिया बदलली की तो थर सुटतो. फ्लिंटमध्ये एप्रिल २०१४ मध्ये स्रोत बदलताना गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही आणि नेमके हेच घडले. चांगला नमुना आला म्हणून घर ‘शिसे नाही’ मध्ये टाकू नये.

यादीचा तक्ता

साधा एक्सेलचा तक्ता लहान यंत्रणेला पुरतो, आणि ईपीएचा तयार नमुना व लहान यंत्रणांसाठीचे मार्गदर्शन मोफत मिळते. प्रत्येक जोडणीसाठी एक ओळ आणि त्यात पत्ता, रस्त्याकडचा धातू, घराकडचा धातू, गूजनेक, व्यास, बसवल्याचे वर्ष, दोन्ही भागांसाठी वेगवेगळा पुरावा, पाहणाऱ्याचे नाव, तारीख, फोटोचा क्रमांक आणि शेवटी गट, एवढे रकाने असावेत. पुराव्याचा रकाना एकच ठेवल्यास एका भागाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपतो, म्हणून दोन रकान्यांचा आग्रह धरावा. पडीक घरे आणि बंद केलेल्या जोडण्याही यादीत घ्याव्यात. उद्या कोणी तेथे राहायला आले तर पाणी त्याच वाहिनीतून जाणार आहे.

यादी पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत शिसे, बदलायची जीआय आणि ‘माहीत नाही’ या तीनही गटांतील घरांना लेखी सूचना जायला हवी, आणि गट बदलेपर्यंत ती दरवर्षी द्यावी लागते. यादी लोकांना पाहता आली पाहिजे. ५०,००० हून अधिक लोकांना पाणी देणाऱ्या यंत्रणांना ती इंटरनेटवर ठेवणे बंधनकारक आहे, पण लहान गावानेही कार्यालयात एक छापील प्रत सर्वांसाठी ठेवावी.

पैशांसाठी राज्याच्या पेयजल कर्जनिधीकडे अर्ज करावा. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने शिशाच्या वाहिन्यांसाठी १५ अब्ज डॉलर ठेवले असून, त्यातून वाहिन्या ओळखण्याच्या कामालाही मदत मिळू शकते. ग्रामीण जलसंघटनांचे फिरते तंत्रज्ञ तक्ता भरण्यात आणि अर्ज लिहिण्यात हात देतात. त्यांना बोलावण्यात संकोच बाळगू नये.

वाहिनी बदलली की नवा धातू लिहावा, पण जुनी नोंद पुसू नये. ‘शिसे, अमुक तारखेला काढले’ हे वाक्य त्या ओळीत कायम राहिले पाहिजे, कारण त्या घरात अजून जीआयचा एखादा तुकडा उरला असेल, तर तो बदलायचा की नाही, याचे उत्तर पुढच्या ऑपरेटरला त्याच वाक्यातून मिळणार आहे.